एका टाकीत किती? नव्या एसयूव्हीचं ॲव्हरेज आणि रेंज नीट मोजायची रीत

गाडीचं ॲव्हरेज म्हणजे साधा भागाकार. किती किलोमीटर गेलो, भागिले किती लिटर जळलं. अडचण एवढीच की या दोन्ही आकड्यांपैकी एकही आपल्याला नेमका माहीत नसतो. किलोमीटर ओडोमीटर सांगतो, तो टायरच्या घेरावर अवलंबून. लिटर पंपाचं नॉझल कुठे बंद झालं त्यावर अवलंबून. आणि समोरच्या पडद्यावर दशांशासकट झळकणारा १७.४ हा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो, माप नव्हे. म्हणून नवी एसयूव्ही घेतल्यावर 'शोरूममध्ये अठरा सांगितलं होतं, देते तेरा' अशी तक्रार करण्याआधी एकदा व्यवस्थित मोजून घ्यावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट: पहिले हजार-दीड हजार किलोमीटर जे काही दिसेल ते वहीत लिहा, पण त्यावरून मत बनवू नका. पिस्टन रिंगा, बेअरिंग, गिअर, नवे टायर या सगळ्यांचं घर्षण या काळात जास्त असतं. खरा आकडा साधारण पाच हजारांच्या आसपास स्थिर होतो. शोरूममधून निघताना टाकीत जे काही लिटर होते ते कुणी मोजलेले नसतात, त्यामुळे ती पहिली टाकी हिशोबातून सरळ वगळायची.

माहितीपत्रकातला आकडा

तो आकडा खोटा नसतो. फक्त तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर उभी करून एक ठरलेलं चक्र चालवतात. भारतीय चक्र ११८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडं कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या जरा वर, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास आणि कमाल वेग ९०. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर सासू-सासरे नाहीत, डिकीत बॅगा नाहीत. इंधन तर टाकीतून मोजतच नाहीत; धुराड्यातून निघालेल्या वायूतल्या कार्बनवरून ते काढतात.

हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. सहलीचं नियोजन करायला निरुपयोगी. मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरच्या मोटरनंही चालणाऱ्या गाडीचा) जाहीर आकडा लिटरला २७.९७, टाकी ४५ लिटरची. गुणाकार केला तर १२५८ किलोमीटर. या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी नागपूरला जाऊन टाकी न भरता परत फिरू नये. साध्या पेट्रोल किंवा डिझेल एसयूव्हीसाठी ढोबळ हिशोब असा: मोकळ्या हायवेवर ९० च्या वेगानं जाहीर आकड्याच्या जवळपास जाता येतं, मिश्र वापरात तीन चतुर्थांश मिळतं आणि शहराच्या कोंडीत निम्म्यापर्यंत घसरतं. हायब्रिडचं उलटं असतं. शहरात ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते, सिग्नलला इंजिन बंद पडतं, त्यामुळे ती शहरात चमकते आणि १२० च्या वेगावर इतर पेट्रोल गाड्यांसारखीच साधी होते.

फुल टू फुल

भरवशाची घरगुती पद्धत एकच. टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची. दुसऱ्यांदा जितकं बसलं तितकं जळलं. पण 'फुल' म्हणजे काय, इथेच बहुतेकांचा हिशोब बिघडतो.

१. पंप एकच ठेवा, जमलं तर नॉझलही तेच आणि गाडी उभी करायची जागाही तीच. पंपाच्या फरशीला उतार असतो. गाडी एका बाजूला कलली की टाकीत हवा अडकते आणि नॉझल लवकर बंद होतं.

२. भरायला सुरुवात होण्याआधी मीटरवर शून्य बघा. मग नॉझल पूर्ण आत घालून मध्यम किंवा हळू वेगानं भरायला सांगा. डिझेलला फेस येतो, जोरात भरलं तर फेसामुळे दोन-तीन लिटर आधीच कट होतं.

३. पहिला ऑटो-कट झाला, म्हणजे नॉझल आपोआप बंद झालं, की थांबा. डिझेलमध्ये हवं तर दोन मिनिटं थांबून आणखी एक क्लिक घ्या, पण मग दर वेळी तसंच करा.

४. गोल आकडा करायला सांगू नका. 'साहेब, तीन हजार करतो' म्हणत ठासून भरलं की हिशोब गेलाच. शिवाय पेट्रोल गाडीत वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल जाऊन तो डबा खराब होऊ शकतो.

५. ट्रिप बी (एका फेरीचं अंतर मोजणाऱ्या दोन ट्रिप मीटरांपैकी दुसरा) शून्य करा आणि ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा. ट्रिप ए वर अवलंबून राहू नका. काही गाड्यांत इंधन भरल्यावर ती आपोआप शून्य होते.

६. टाकी निम्म्याच्या खाली उतरेपर्यंत चालवा. मध्ये पाचशेचं टाकू नका. टाकावंच लागलं तर पावती जपून ठेवा आणि ते लिटर बेरजेत धरा.

टाकी निम्म्याच्या खाली का? कारण ऑटो-कटची जागा अर्धा लिटर इकडेतिकडे होतेच. दहा लिटर भरताना तो अर्धा लिटर म्हणजे पाच टक्के चूक; ३५ लिटर भरताना दीड टक्का. 'शंभर किलोमीटर जाऊन आलो, सहा लिटर बसलं' असल्या हिशोबाला म्हणूनच काही किंमत नाही. किमान तीन टाक्या मोजा. समजा पहिली ४७८ किलोमीटर ३१.६ लिटरात, दुसरी ५१२ किलोमीटर ३०.९ लिटरात, तिसरी ४०१ किलोमीटर २९.८ लिटरात. सगळे किलोमीटर १३९१, सगळे लिटर ९२.३, ॲव्हरेज १५.१.

बेरीज आधी, भागाकार शेवटी. तीन ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढायचं नाही. जाताना २० आणि येताना १४ पडलं तर उत्तर १७ नसतं, १६.५ असतं, कारण १४ च्या बाजूला लिटर जास्त जळलेले असतात.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर भांडण्यापेक्षा पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून दाखवायला सांगा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ते माप पंपावर असतं आणि ग्राहकानं मागितलं की दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीलिटर इतकाच फरक चालतो. मात्र ५० लिटरच्या टाकीत ५२ लिटर बसलं म्हणजे पंपवाल्यानं लुबाडलं असं समजू नका. कंपनी जाहीर करते ती क्षमता वाफेसाठी जागा सोडून सांगितलेली असते. ती जागा आणि टाकीची मान धरून जास्त बसू शकतं.

पडद्यावरचा आकडा दुरुस्त करून घ्या

गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडला त्यावरून इंधनाचा अंदाज बांधतो. हा अंदाज बहुधा गोड बाजूला झुकलेला असतो, पाच ते दहा टक्क्यांनी. पण त्याची एक चांगली गोष्ट म्हणजे तो दर वेळी साधारण तेवढाच झुकतो. वरच्या तीन टाक्यांत पडदा १६.४ दाखवत असेल आणि खरं १५.१ असेल, तर १५.१ भागिले १६.४ म्हणजे ०.९२. यापुढे पडद्यावर काहीही दिसलं की ०.९२ नं गुणायचं. एकदा हा गुणक मिळाला की प्रत्येक वेळी पंपावर वही काढायची गरज उरत नाही.

ओडोमीटरही तपासून घ्या. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो, कमी दाखवायला नियमानं मनाईच आहे. ओडोमीटर मात्र बराच अचूक असतो, जोवर टायर मूळ मापाचे आहेत. २१५/६५ आर १६ काढून रुबाबासाठी २३५/६५ आर १६ घातले की टायरचा व्यास ६८६ वरून ७१२ मिलिमीटर होतो, जवळजवळ चार टक्के. गाडी खऱ्या १०४ किलोमीटर गेली तरी ओडोमीटर १०० म्हणतो आणि मालक म्हणतो टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं. थोडं खरंच पडलेलं असतं, कारण रुंद टायर जड असतो; पण काही भाग निव्वळ मोजणीचा असतो. एक्स्प्रेसवेवर किलोमीटरचे दगड धरून किंवा जीपीएस लावून ५० किलोमीटर तपासलं की फरक कळतो.

तीन वेगळे आकडे काढा: शहर, घाट, हायवे

एकच ॲव्हरेज विचारणाऱ्याला एकच उत्तर देता येतं, पण गाडीला तीन असतात. निदान एक टाकी निव्वळ शहरात आणि एक निव्वळ हायवेवर जाळून बघा.

शहरात इंधन खातो तो थांबलेला वेळ. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन एसी लावून नुसतं उभं राहिलं तर तासाला लिटरभर पितं. रोजचं अंतर २० किलोमीटर आणि त्यात सिग्नल, मेट्रोचं काम, कोंडी मिळून ४० मिनिटं उभं राहणं असेल, तर चालताना १.३३ लिटर आणि उभ्यानं ०.६७ लिटर. चालताना १५ देणारी गाडी दिवसाअखेरीस १० वर येते. गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. भर म्हणून छोट्या फेऱ्या: दूध, क्लास, जिम, तीन-तीन किलोमीटर. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, गिअरचं ऑइलही घट्ट असतं. चार कामं एकाच फेरीत उरकली की फरक पहिल्याच टाकीत दिसतो.

घाटाचं गणित सरळ भौतिकशास्त्राचं आहे. माणसांसकट १७०० किलोची गाडी खोपोलीवरून खंडाळ्याला, म्हणजे सुमारे ५०० मीटर वर न्यायला निव्वळ उंचीसाठी डिझेल गाडीला पाऊण लिटरच्या जवळपास आणि पेट्रोलला लिटरभराला जरा कमी इंधन जास्तीचं लागतं. ते पुढे सपाटीवर भरून निघत नाही. म्हणून मुंबईहून पुण्याला येताना मिळालेलं ॲव्हरेज आणि जातानाचं ॲव्हरेज यांची तुलनाच करायची नाही, जाऊन-येऊन मोजायचं. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटर सोडा. आजची इंजेक्शनची इंजिनं अशा वेळी इंधन पूर्ण बंद करतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे दोन्हीकडून तोट्यात असतात.

हायवेवर वेग हाच मालक. एसयूव्ही उंच आणि चौकोनी, हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ९० वरून १२० वर गेलं की हा रोध १.७८ पट. टायरचं घर्षण फारसं वाढत नाही आणि जास्त भारावर इंजिन थोडं कार्यक्षम होतं, म्हणून ॲव्हरेज निम्मं होत नाही, पण ९० ला १८ देणारी पेट्रोल एसयूव्ही १२० ला १३-१४ वर येते. छतावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी वारा अडवतं. सहल झाली की काढून ठेवा. हायवेवर काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी परवडतो. ४५ च्या वेगानं गावातल्या रस्त्यावर मात्र काचाच बऱ्या.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, पूर्ण भारासाठी वेगळा. तो थंड टायरचा असतो. दहा किलोमीटर चालवून पंपावर पोचलात तर तीन-चार पीएसआय जास्तच दिसेल, ते कमी करू नका. दोन-तीन पीएसआय कमी असल्यानं ॲव्हरेज कोसळत नाही, अर्धा-एक टक्का जातो. दाब सांभाळायचा तो जास्त करून तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटू नये म्हणून. नायट्रोजन भरल्यानं ॲव्हरेज वाढत नाही.

इंधनापरत्वे

पंपावरचं साधं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर यातलं थोडं परत मिळतं. जुन्या गाडीचं दहा वर्षांपूर्वीचं ॲव्हरेज आठवून नव्या गाडीला नावं ठेवताना हे लक्षात असू द्या. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, गाडीच्या पुस्तिकेत मागितलेलं नसेल तर, ॲव्हरेजसाठी घालणं म्हणजे पैसे जाळणं.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. काही शे किलोमीटरनंतर गाडी ती काजळी जाळते आणि त्यासाठी जादा डिझेल घेते. ओळखायच्या खुणा: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर, स्टार्ट-स्टॉप बंद, क्षणिक ॲव्हरेज कारण नसताना खाली, गाडी बंद केल्यावर पंखा जोरात. अशा वेळी इग्निशन बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवत राहा. सतत अर्धवट राहिलं की दर थोड्या दिवसांनी पुन्हा जाळायला घेते, ॲव्हरेज खाली येतं आणि शेवटी दिवा लागतो. रोजचा वापर पाच-सात किलोमीटरचा असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीस मिनिटं ६० च्या वर, दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवा. आणि तेही जमत नसेल तर डिझेल घेण्याआधीच विचार करायला हवा होता.

सीएनजीला फुल टू फुल नीट लागू पडत नाही. ब्रेझाचं उदाहरण: सिलिंडर पाण्याच्या मापानं ५५ लिटरचा, जाहीर आकडा किलोला २५.५१. पण भरताना गॅस तापतो, २०० बारचा दाब लवकर गाठला जातो आणि दुपारच्या उन्हात कमी वजन बसतं. पंपाचा दाब कमी असेल तर आणखी कमी. म्हणून इथे पाच-सहा भरण्यांचे किलो एकत्र करूनच भागाकार करा, आणि गाडी गॅसवरून पेट्रोलवर कितीदा गेली तेही टिपा. नाहीतर पेट्रोलवरचे किलोमीटर गॅसच्या खात्यात जमा होतात.

रेंज: समृद्धीवरचं उदाहरण

पडद्यावर दिसणारं 'आणखी इतके किलोमीटर' हे भविष्य नसतं. मागच्या काही किलोमीटरांचं ॲव्हरेज गुणिले शिल्लक इंधन, इतकंच. शहरात आठवडाभर रखडून टाकी फुल केली की ४५० दाखवेल, हायवेवर तासाभरात तेच ६०० होईल. इगतपुरीचा चढ लागला की पुन्हा पडेल.

स्वतःची रेंज अशी काढा: टाकीच्या क्षमतेतून, इंधन संपत आल्याचा दिवा लागतो तेव्हा शिल्लक असणारं इंधन (रिझर्व्ह) वजा करा. ते बहुतेक गाड्यांत पाच ते आठ लिटर असतं. दिवा लागल्या लागल्या फुल करून किती बसलं ते पाहिलं की तुमचा आकडा कळतो. उरलेल्या लिटरांना त्या वेगाच्या ॲव्हरेजनं गुणा आणि दहा टक्के कापा, समोरून येणारा वारा, पाऊस, चढ यांच्या नावानं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत. टाकी ५० लिटर, रिझर्व्ह ७, वापरायला ४३. कारसाठी वेगमर्यादा १२०. त्या वेगानं पेट्रोल एसयूव्हीचं १३ धरलं तर ५५९, दहा टक्के कापून ५०३. ९५ च्या वेगानं १७ धरलं तर ७३१, कापून ६५८. दोन्ही हिशोबांत वाटेत एकदा भरावं लागतं. डिझेल ९५ ला १८.५ देत असेल तर ७९५, कापून ७१६; काठावर पोचते. पण आमणे जवळपास समुद्रसपाटीला आणि नागपूर तीनशे मीटर उंचावर, शिवाय घरापासून आमण्यापर्यंतची कोंडी वेगळी, म्हणून तिथेही जुगार नको. हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे; दिवा लागल्यावर डावीकडे वळून गावातला पंप गाठायची सोय नाही. टाकी पाव शिल्लक असतानाच पुढचा पंप घ्या.

आता १२० आणि ९५ मधला सौदा बघा. ७०१ किलोमीटरला १२० नं ५४ लिटर, ९५ नं ४१. फरक पावणेतेरा लिटर. १०४ चा भाव धरला तर तेराशेच्या वर. वेळ वाचतो साधारण दीड तास, आणि त्यातलीही काही मिनिटं वेगाच्या नादात वाढलेल्या भरणीत जातात.

रिझर्व्हवर रोज फिरायची सवय मात्र सोडा. पेट्रोल गाडीचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि इंधनानंच थंड राहतो. डिझेलचा हाय-प्रेशर पंप डिझेलवरच वंगण घेतो. टाकी कोरडी पडली तर पंप घासतो, लाइनमध्ये हवा शिरते आणि नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही.

मोजूनही कमीच पडत असेल तर

पाच हजारांनंतर, तीन टाक्या नीट मोजून, ९० च्या स्थिर वेगाच्या हायवेवरही जाहीर आकड्याच्या ७० टक्क्यांखाली येत असेल तर सर्व्हिस सेंटर गाठायला कारण आहे. त्याआधी घरी हे बघा: पंधरा किलोमीटर शांतपणे, ब्रेक फारसे न लावता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ब्रेक दाबणारा कॅलिपर अडकलाय. स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. लांबच्या प्रवासातही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असू शकतो; इंजिन सतत थंड समजून जास्त इंधन घेतं. डिझेलमध्ये दोन डीपीएफ जाळण्यांमधलं अंतर किती, ते स्कॅनर लावून काढून द्यायला सांगा.

तिथे जाताना 'ॲव्हरेज देत नाही' असं सांगू नका, त्याला 'तुमची ड्रायव्हिंग स्टाइल बघा, सर' हे उत्तर ठरलेलं आहे. तारीख, ओडोमीटर, लिटर, पंप, शहर की हायवे, एसी, किती माणसं, अशी एका पानाची नोंद आणि पावत्या पुढे ठेवा, आणि त्यांच्याच माणसाला शेजारी बसवून फुल टू फुल चाचणी मागा. जॉबकार्डवर ती लेखी लिहून घ्या, वॉरंटीच्या काळात पुढे त्याच कागदाचा उपयोग होतो.